दहा बाय बाराची खोली : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवरात्रात माहूरच्या घरांत पाहुणे येणार, हे ठरलेलंच. रेणुकामातेचं दर्शन, दत्तशिखर, अनसूयामाता असं करून माणसं खाली उतरतात आणि घरकुलाच्या पुढच्या खोलीत त्यांना टेकायला जागा नसते. पाहुणे गेले की घरात विषय निघतो : दिवाळीला पांढरा रंग मारू, मोठा आरसा लावू, जमलंच तर पीओपी. यातल्या बऱ्याच खर्चानं खोली तसूभरही मोकळी होत नाही.

आधी माप बघू. पंतप्रधान आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं असतं, आणि त्यात स्वयंपाकाची जागाही आली. आधीच्या इंदिरा आवासमध्ये तर २० चौरस मीटरच होते. त्यातून पुढची खोली दहा बाय बाराची निघाली तरी पुष्कळ झालं.

‘पांढरा रंग दिला की खोली मोठी होते.’ हे अर्धंच खरं. जर्मनीतल्या माइन्ट्स विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना वेगवेगळ्या छटांच्या खोल्या दाखवून उंचीचा अंदाज विचारला होता. छत उजळ असलं की खोली उंच वाटते, भिंती उजळ असल्या तरी वाटते. फरशीच्या छटेनं मात्र उंचीत काही फरक पडला नाही. छत उजळ आणि भिंती मुद्दाम गडद ठेवायच्या, हा सजावटवाल्यांचा आवडता सल्लाही तिथं टिकला नाही. तेव्हा खोली उंच दिसावी म्हणून चांगली फरशी उखडू नका. आपल्याकडे भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांना चॉकलेटी नाहीतर हिरवा ऑइलपेंट मारतात. पोरांचे हात, टेकलेली तेलकट डोकी बघता ऑइलपेंट हवाच. पण तो भिंतीच्याच छटेत मिळतो. गडद पट्टा मारला की भिंत मधोमध कापल्यासारखी दिसते.

पीओपीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्लॅबखाली अर्धा फूट उतरणारं छत खोली उंच करणार कसं? आरसा समोर जे असेल ते दुप्पट दाखवतो. समोर खिडकी असेल तर उजेड, गाठोडी असतील तर गाठोडी.

‘सोफासेट, दिवाण, शोकेस असल्याशिवाय खोली भरल्यासारखी दिसत नाही.’ अगदी बरोबर, भरल्यासारखीच दिसते! हिशेब करून बघा. सहा बाय चारचा दिवाण २४ चौरस फूट. तिघांचा सोफा १५, दोन खुर्च्या मिळून साडेबारा. टीव्हीचं शोकेस ६, टीपॉय साडेचार. बेरीज ६२. १२० फुटांच्या खोलीतली निम्म्याहून जास्त जमीन गेली, आणि त्यात लोखंडी कपाट धरलेलंच नाही. तीन फुटी कपाटाचं प्रत्येक दार दीड फुटाचं. म्हणजे ते उघडायलाच पुढे दीड फूट मोकळे सोडावे लागतात. बाज या बाबतीत शहाणी. दिवसा भिंतीला उभी करा, नाहीतर अंगणात टाका.

पण सामान जमिनीवर आलं कसं? लातूरकडच्या जुन्या माळवदाच्या घरात दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती असत. दिवळ्या, कोनाडे, धान्याचं बळद हे सगळं त्या जाडीच्या पोटात. घराची साठवण भिंतीत आणि जमीन मोकळी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या त्याच भिंती आणि वरचं मातीचं ओझं माणसांवर कोसळलं. पुनर्वसनात जमीनधारणेप्रमाणे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. जीव वाचवायला ते योग्यच, पण नऊ इंची भिंतीत दिवळी कुठून येणार? भांडी, वाकळा, कोठ्या सगळं खाली आलं आणि पुढे-मागे पत्र्याची शेडं चढली.

म्हणून कोणी नव्या भिंतीत कोनाडा कोरायला घेतला तर त्याला थांबवा. स्लॅबचं वजन पेलणारी भिंत पोखरण्यात शहाणपण नाही. बांधकाम चालू असेल तर दारा-खिडक्यांच्या लिंटेलच्या पातळीवर दीड-दोन फुटांचा सज्जा आतून टाकून घ्या. घर बांधून झालं असेल तर सात फुटांवर भिंतीभर सलग फळी मारा. वाकळांची चवड आणि सणासुदीची मोठी पातेली तिथं जातात.

‘दक्षिणेला खिडकी नको, ऊन येतं.’ वास्तूचा भाग सोडून नुसतं उन्हाचं बघू. माहूर साधारण १९.८ उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या सुमारास इथं भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तिथून जुलैच्या चौथ्या आठवड्यापर्यंत तो किंचित उत्तरेकडूनच जातो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा दुपारचं ऊन येतच नाही. एप्रिलमधलं उंचावरचं ऊन छज्जा अडवतो. घर तापवते ती पश्चिमेची भिंत. राष्ट्रीय बांधकाम संहिता उष्ण-कोरड्या भागात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश खिडक्या-झरोके मागते, दार न धरता. १२० फुटांना १२, म्हणजे तीन बाय चारची एक खिडकी. ती असते, पण बऱ्याच घरांत तिच्यापुढेच कपाट उभं असतं. ते हलवायला पैसे पडत नाहीत, आणि खोलीत फरक सगळ्यात आधी त्यानं पडतो.

सजावटीच्या कुठल्याही पुस्तकात नसलेली एक गोष्ट उरते : कापूस. माहूर-किनवटाकडे वेचणी झाली की भावाची वाट बघत कापूस घरातच ठेवतात, आणि सोयाबीनची पोतीही. दोन-चार महिने एक खोली त्यातच जाते, अंगाला खाज सुटते ती वेगळी. हाताशी थोडे पैसे असतील तर ते शोकेसला न घालता मागच्या बाजूला उंच जोत्याच्या, पत्रा ठोकलेल्या खोलीला घाला. मात्र चूल तिथून लांब ठेवा, कापूस ठिणगीनं पेटतो.