बिनदुधाचं हैदराबाद

लग्नाच्या मांडवात जेवणाच्या टेबलांपासून जरा लांब एक चकचकीत यंत्र उभं असतं. त्याच्या नळीतून फसफसत वाफ सुटते, स्टीलच्या मगमध्ये दूध खदखदतं, त्यात इन्स्टंट कॉफी आणि साखर पडते, वर चॉकलेट पावडर भुरभुरली जाते. पाटी असते ‘एस्प्रेसो कॉफी’. मराठी माणसाची एस्प्रेसोशी पहिली ओळख बहुधा इथंच होते. त्या कॉफीला नावं ठेवायचं कारण नाही, जेवणावर ती छानच लागते. फक्त तिच्यात एस्प्रेसो नसते.

खरी एस्प्रेसो शोधायची तर हैदराबादसारखं गमतीचं शहर नाही. नांदेड-लातूरकडची पोरं काचीगुड्याला उतरून नोकरीला लागतात, पुण्याहून बदली झालेली कुटुंबं गचिबोवलीत घर घेतात आणि आठवड्याभरात सगळ्यांच्या लक्षात येतं की इथं कॅफेंना तोटा नाही. बंजारा हिल्स, ज्युबिली हिल्स, माधापूर, कोंडापूर, सैनिकपुरी, जाल तिथं काचेचं दार आणि आत कॉफी यंत्र. यंत्रं चांगली असतात, बरीचशी इटलीहून आलेली, लाखो रुपयांची. एवढं असूनही दुधाशिवायची एस्प्रेसो मागवली की दहा ठिकाणी दहा तऱ्हा.

याचं कारण शहराच्या जिभेत आहे. हैदराबादची जीभ दुधावर वाढलेली. आबिड्सचं ग्रँड हॉटेल 1935 सालचं, लकडी-का-पूलचं कॅफे निलोफर 1978 चं, चारमिनारच्या पायथ्याशी निमरा. या सगळ्यांचा इराणी चहा म्हणजे भांड्याचं तोंड बंद करून दमावर काढलेला कडक चहा आणि वेगळ्या भांड्यात आटवून घट्ट केलेलं दूध, दोन्ही कपातच भेटतात. सोबत उस्मानिया बिस्किट. तेलुगू घरांतून आणि टिफिन सेंटरमधून येणारी फिल्टर कॉफीही चिकोरीची आणि दुधाची. हे दोन्ही प्रकार उत्तम आहेत, मी त्यांच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. पण त्यामुळे होतं असं की नव्या कॅफेतही गिऱ्हाईक कॅपुचिनो, लाटे, नाहीतर आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफीच मागतं. दूध, साखर आणि हेझलनट सिरपच्या खाली बिघडलेली एस्प्रेसो बिनबोभाट खपते. तक्रार येत नाही, मग मालक तरी कशाला लक्ष घालेल?

नुसती एस्प्रेसो मागा, म्हणजे कॅफेचं पितळ उघडं पडतं. आधी वेटर चमकतो. ‘‘छोटी रहती साब, भोत कडवी रहती. दूध नक्को? पक्का?’’ त्याची चूक नाही. लहानसा कप पाहून वैतागलेली गिऱ्हाइकं त्यानं झेललेली असतात. दीड-दोनशे रुपये आणि दोन घोट!

त्या दोन घोटांत काय असतं ते समजून घ्यायला जरा इटलीला जावं लागेल. वाफेच्या जोरावर झटपट कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट तुरीनच्या आंजेलो मोरियोंदो यानं 1884 मध्ये घेतलं. मिलानच्या लुइजी बेझेरानं 1901 मध्ये एकेका कपापुरती कॉफी काढायची सोय केली. पण वाफेचा दाब बेताचा आणि उष्णता फार, त्यामुळे कॉफी करपट लागे. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्या यानं वाफेला रजा दिली आणि स्प्रिंगच्या दांड्यानं गरम पाणी दाबायला सुरुवात केली. दाब कितीतरी पट वाढला आणि कपावर पहिल्यांदा तो तांबूस, दाट फेस आला, ज्याला क्रेमा म्हणतात. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई-61 यंत्रानं दांड्याच्या जागी विजेचा पंप बसवला. आज कॅफेत दिसणारी बहुतेक यंत्रं याच घराण्यातली.

हिशेब सांगायला सोपा आहे. साधारण 18 ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, 90 ते 96 अंश सेल्सिअसचं पाणी, वातावरणाच्या नऊपट दाब, आणि पंचवीस ते तीस सेकंदांत कपात 36 ग्रॅमच्या आसपास कॉफी. पाणी भराभर निघून गेलं तर कॉफी आंबट आणि पाणचट लागते, रेंगाळलं तर कडू आणि तुरट. पाण्याचा वेग ठरतो दळणावर. म्हणून जाणकार माणूस कॅफेत शिरल्यावर यंत्राकडे नव्हे, शेजारच्या ग्राइंडरकडे बघतो. महागडं यंत्र आणि स्वस्तातला ग्राइंडर ही जोडी दिसली की कॅपुचिनो मागवावी आणि गप्पा माराव्यात.

चांगल्या कॅफेत सकाळी दार उघडायच्या सुमारास गेलात तर एक पाहण्यासारखी गोष्ट दिसते. बरिस्ता, म्हणजे कॉफी काढणारा, मुठीच्या चाळणीत कॉफी घेतो, वजनकाट्यावर ठेवतो, चिमूटभर काढतो. बोटानं थर सारखा करतो, टॅम्परनं एकदाच सरळ दाबतो. यंत्रातून थोडं पाणी सोडून देतो, मग ती चाळणी यंत्राला अडकवतो आणि कपाखाली काटा ठेवून बटण दाबतो. पहिली पाच-सात सेकंदं काहीच येत नाही. मग काळसर थेंब, मग उंदराच्या शेपटीसारखी बारीक तपकिरी धार. ती पिवळट पडायला लागली की तो बंद करतो, घोट घेतो, तोंड वाकडं करतो आणि उरलेली सिंकमध्ये ओततो. ग्राइंडरची कडी केसभर फिरवून पुन्हा पहिल्यापासून. तीन-चार वेळा हे झालं की मगच पहिल्या गिऱ्हाइकाला कप. जूनमध्ये हवा दमट झाली की कालचं दळण आज चालत नाही, दुपारी ग्राइंडर तापला की सकाळचं चालत नाही. जिथं ही ओतून देण्याची हिंमत आहे तिथं बसावं. जिथं बटण दाबून पोरगा मोबाइलकडे वळतो तिथं नाही.

हैदराबादची आणखी एक अडचण कुणी बोलून दाखवत नाही, ती म्हणजे पाणी. एस्प्रेसोच्या कपात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कृष्णा, गोदावरी आणि मांजरेचं पाणी नळानं येतं खरं, पण पश्चिमेकडच्या नव्या वस्त्यांत बोअरवेल आणि टँकरवर बरीच भिस्त असते आणि ग्रॅनाइटच्या खडकातलं ते पाणी जड. जड पाण्यानं यंत्राच्या बॉयलरमध्ये क्षार साचतात, दुरुस्तीचा खर्च वाढतो आणि कॉफीतला आंबटगोडपणा मारला जातो. म्हणून मालक आरओ बसवतो. आता पाणी इतकं निःसत्त्व होतं की चव ओढून काढायला त्यात काही शिल्लकच नाही, कॉफी सपाट लागते. स्पेशल्टी कॉफी असोसिएशनची जुनी शिफारस लिटरला साधारण 150 मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांची आहे. दर्दी कॅफेवाले आरओच्या पाण्यात थोडे क्षार परत मिसळतात. ‘‘पाण्याचं काय करता?’’ असं काउंटरवर विचारून बघा. उत्तर देताना माणूस खुलला, तर समजा योग्य जागी आलात.

बियांच्या बाबतीत तर या शहराची गोष्ट कादंबरीत शोभेल. भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे सत्तर टक्के रोबस्टा जातीची, बहुतेक कर्नाटकातली. पिकाचा मोठा भाग परदेशी जातो आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली. इटालियन मिश्रणात आपली रोबस्टा जाते ती दाट क्रेमासाठी आणि भरदारपणासाठी. म्हणजे मिलानच्या माणसाच्या कपात चिकमगळूर असतं आणि आपण इथं लग्नात इन्स्टंट पितो. ती इन्स्टंटही परकी नाही. जगातल्या मोठ्या इन्स्टंट कॉफी उत्पादकांपैकी एक, 1994 मध्ये स्थापन झालेली सीसीएल प्रॉडक्ट्स, हिचा कारभार हैदराबादेतूनच चालतो. ‘कॉन्टिनेंटल’ हा तिचाच ब्रँड.

आणि मग अराकू. विशाखापट्टणमच्या वरच्या अंगाला, पूर्व घाटात, आदिवासी शेतकरी सिल्व्हर ओकच्या सावलीत मिरीच्या वेलांसोबत अरेबिका जातीची कॉफी लावतात. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. या शेतकऱ्यांची कॉफी जगापुढे नेणारं नांदी फाउंडेशन हैदराबादचं, पण अराकूचं दुकान 2017 मध्ये निघालं ते पॅरिसला, मग 2021 मध्ये बंगळुरूच्या इंदिरानगरात. घरच्या शहराच्या वाट्याला आधी पाकिटंच आली. हैदराबादकरांनी याचा राग धरला नाही, कारण त्यांच्या हातात तेव्हा चहा होता.

तरी गेल्या काही वर्षांत चित्र पालटतंय. बंजारा हिल्सच्या रोड नंबर 14 वर जुन्या बंगल्यात थाटलेलं रोस्टरी कॉफी हाउस स्वतः बिया भाजतं. ब्लू टोकाई आणि थर्ड वेव्ह या दिल्ली-बंगळुरूहून आलेल्या साखळ्यांनी पाकिटावर मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख वाचायची सवय लावली. ही तारीख फार कामाची. भाजून आठवडा-दहा दिवस झालेली कॉफी एस्प्रेसोला सगळ्यात चांगली, महिन्यानंतर तिचा वास उतरतो. कालच भाजलेलीही नको, तिच्यात वायू इतका असतो की कप फेसानं भरतो आणि चव लागत नाही. दार्शनिक पाट्या आणि लाकडी खुर्च्यांपेक्षा ही एक तारीख जास्त खरं बोलते.

नवख्या माणसानं एवढंच करावं. शनिवार-रविवारची संध्याकाळ टाळावी, तेव्हा बरिस्ता दुधाच्या फेसात बुडालेला असतो. आठवड्यातल्या दिवशी सकाळी अकराच्या आसपास जावं. आधी साधं पाणी प्यावं, मग डबल एस्प्रेसो, साखरेशिवाय. कप आला की चमच्यानं ढवळावा, कारण वरचा फेस एकटा कडूच लागतो, आणि गार व्हायच्या आत संपवावा. आंबटपणा, गोडी आणि कडूपणा तिन्ही ओळखू आले, आणि दहा मिनिटांनीही तोंडात चव रेंगाळली, तर त्या कॅफेला धरून राहा आणि बरिस्ताला नावानं हाक मारायला लागा. नुसतीच करपट लागली तर तसं काउंटरवर स्पष्ट सांगा, दुसरी मागा. हैदराबादी माणूस वाद घालत नाही, बहुतेक वेळा मुकाट्यानं करून देतो. आणि दुसरीही बिघडली, तर रिक्षा करून सरळ निमरा गाठा. तिथला चहा वीस-पंचवीस रुपयांत मिळतो.