एअर फ्रायरमधले कुरकुरीत बटाटे

एअर फ्रायर म्हणजे खरं तर जोरदार पंखा बसवलेली छोटी भट्टी. त्यात तळण होत नाही. गरम हवा फोडींभोवती फिरते आणि वरचं पाणी उडवते. पाणी आहे तोवर फोडीचा पृष्ठभाग १०० अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग तर साधारण १४० अंशांनंतर धरू लागतो. म्हणून सगळी मेहनत फोड कोरडी करण्यात आहे.

बटाटे जुने, पिठूळ घ्या. फ्रीजमधले नकोत, कारण थंडीत स्टार्चची साखर होते आणि फोडी पटकन काळवंडतात. इंचभर फोडी मिठाच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून ७-८ मिनिटं उकळा. सोड्याने कडा मऊ पडतात. पाणी निथळून, झाकण लावून पातेलं हलवलं की फोडी खरबरीत होतात आणि त्यांवर लगद्याचा पातळ थर चढतो. कुरकुरीतपणा येतो तो याच थरामुळे, त्यामुळे ही पायरी गाळू नका. वाफ जाऊ द्या, मग अर्ध्या किलोला मोठा चमचाभर तेल चोळा. तेलाशिवाय फोडी नुसत्या सुकतात.

जाळीत एकच थर, २०० अंशांवर १८ ते २० मिनिटं, मध्ये एकदा हलवून. मीठ, हळद, जिरेपूड आधी चालते. लसूण आणि लाल तिखट जळून कडवट होतात, ती शेवटच्या दोन मिनिटांत घाला. चाट मसाला बाहेर काढल्यावरच. आणि वाढायला उशीर झाला तरी झाकून ठेवू नका, वाफेने मऊ पडतील.