डाव्या पायाची परीक्षा

गेल्या रविवारी सकाळी सात वाजता गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर एक मोटार अकरा वेळा बंद पडली. मोजत होतो मी, कारण शेजारच्या सीटवर मीच बसलो होतो. स्टिअरिंगवर होती माझी भाची. गेल्याच महिन्यात तिला अठरा वर्षं पूर्ण झाली, शिकाऊ परवाना हातात आला आणि मामाची सुट्टीची झोप गेली!

अकराव्यांदा गाडीने गचका खाल्ला, आमच्या दोघांच्या माना पुढे-मागे झाल्या आणि इंजिन गप्प झालं. भाचीने दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले.

"मामा, हिला माझा राग आलाय. मला नाहीच जमायचं."

"गाडीला राग येत नाही गं. तिला घाई चालत नाही, एवढंच," मी म्हटलं.

दोस्तांनो, मोटार शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे गचके येतात. ते का येतात हे एकदा कळलं की निम्मी भीती पळते. म्हणून आम्ही गाडी बंद केली, खाली उतरलो आणि टपरीवर चहा घेता घेता मी तिला दोन ताटल्यांची गोष्ट सांगितली. तुम्हालाही सांगतो.

मोटारीचं इंजिन सुरू असतं तेव्हा ते सतत फिरत असतं. गाडी उभी असली तरी मिनिटाला साधारण सात-आठशे फेरे चालूच! त्याहून फार हळू फिरायला लावलं तर ते बंदच पडतं. चाकं मात्र उभी असतात, शून्य फेरे. आता या फिरणाऱ्या इंजिनाशी त्या उभ्या चाकांची गाठ घालायची कशी?

अशी कल्पना करा, की एक ताटली गरगर फिरते आहे आणि तिच्यासमोर दुसरी ताटली स्थिर उभी आहे. दुसरी एकदम पहिलीवर दाबली तर दोघींना जोराचा धक्का बसेल आणि पहिली थांबेल. पण हळूच टेकवली तर? आधी नुसती घासेल, मग थोडी फिरू लागेल, आणि शेवटी दोघी एकीसारख्या एक फिरतील. मोटारीत इंजिनाच्या टोकाला एक जड चकती असते, तिच्यावर स्प्रिंगच्या जोराने क्लच प्लेट दाबून बसलेली असते. डाव्या पायाने क्लच दाबला की ही प्लेट सुटी होते, सोडला की पुन्हा चिकटते. गिअर बदलताना क्लच का दाबायचा, याचं उत्तरही यातच आहे. त्या क्षणापुरती इंजिनाची आणि चाकांची ताटातूट करायची, म्हणजे गिअर सुखाने पडतो.

म्हणजे बघा, क्लच दाबणं काही अवघड नाही. तो सोडणं अवघड! नवशिका माणूस पाय एकदम उचलतो, ताटल्या धाडकन आपटतात, इंजिन बंद. सगळी परीक्षा असते ती डाव्या पायाची, आणि तीही दोन-तीन सेंटिमीटरच्या टप्प्यात. त्या टप्प्यात आलं की इंजिनाचा आवाज जरा जड होतो, गाडी अंगात आल्यासारखी थरथरते. मोटार शिकवणारे मास्तर याला 'क्लचने पकडलं' असं म्हणतात. तिथे पाय थांबवायचा. एक, दोन, तीन म्हणायचं. मग उरलेला पाय सावकाश वर.

चहा संपल्यावर मी भाचीला सांगितलं, "आता उजवा पाय ब्रेकजवळ ठेव, ॲक्सिलरेटरला हातच... म्हणजे पायच लावायचा नाही. नुसत्या क्लचवर गाडी हलवून दाखव." सपाट मैदानावर हे जमतं बरं का! तिसऱ्या प्रयत्नात गाडी मुंगीसारखी पुढे सरकली. भाची इतकी खूश झाली, की ब्रेक मारताना क्लच दाबायलाच विसरली. बारावा गचका.

मला मात्र हे सगळं बघताना आमची आई आठवत होती.

१९९४ सालची गोष्ट. तेव्हा आम्ही साताऱ्याला होतो, मी नववीत. घरात एक मारुती ८०० होती, चार गिअरची. ती चालवायचे फक्त बाबा. त्या वर्षी बाबांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. तपासणीला पुण्याला जायचं, तेही वरचेवर. एसटीचे धक्के नकोत असंही सांगितलेलं. दोन वेळा ओळखीच्यांनी नेलं, तिसऱ्या वेळी कुणाला विचारायचं हा प्रश्न पडला. तेव्हा आई म्हणाली, "मी शिकते." ती एकोणचाळीस वर्षांची होती आणि तोवर तिने सायकलसुद्धा फारशी चालवली नव्हती.

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर रोज पहाटे यायचे. महिनाभरात आई सपाट रस्त्यावर छान चालवू लागली. मग चाचणीचा दिवस उजाडला. साहेबांनी तिला चढावर गाडी थांबवायला सांगितली आणि म्हणाले, "आता पुढे घ्या." आईने ब्रेकवरचा पाय काढला, ॲक्सिलरेटरवर ठेवला, आणि त्या मधल्या क्षणात गाडी हातभर मागे घरंगळली. नापास!

साहेबांचं काही चुकलं नव्हतं. चढावर थांबून, मागे न घसरता पुन्हा निघता आलं पाहिजे, असं चाचणीच्या नियमांत स्वच्छ लिहिलेलं आहे. आजही आहे. त्या संध्याकाळी घरात कुणीच काही बोललं नाही. आईला तेच जास्त लागलं असावं. पोळ्या लाटता लाटता ती मध्येच थांबायची आणि डावा पाय हळूच वर उचलायची, हे मी बघितलं.

नापास झालं की सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. (तीनदा नापास झालं, तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं.) ते सात दिवस आई आणि मास्तर पहाटे यवतेश्वरच्या घाटात जायचे. मीही हट्टाने जायचो. मास्तरांची युक्ती अशी: चढावर गाडी उभी करायची, हँडब्रेक ओढायचा. मास्तर खाली उतरून मागच्या चाकाला लागून एक रिकामी काडेपेटी ठेवायचे आणि पुन्हा येऊन शेजारी बसायचे. मी दूर कठड्याजवळ उभा. गाडी पुढे निघाली की धावत जाऊन काडेपेटी बघायची, हे माझं काम. पहिल्या दिवशी मी पाच चपट्या काडेपेट्या घरी आणल्या.

काय करायचं असतं सांगू? पहिला गिअर टाकायचा. हँडब्रेक ओढलेलाच. ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. आवाज जड झाला, गाडीचं नाक किंचित वर आलं, की ओळखायचं की क्लचने पकडलं. पाय तिथेच ठेवून मगच हँडब्रेक खाली. गाडी मागे येतच नाही! पण वाचायला लागतं अर्धं मिनिट आणि पायाला कळायला लागतात दिवस. आईला पाच लागले. सहाव्या दिवशीची काडेपेटी शाबूत निघाली. आठव्या दिवशी आई पास झाली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही पुण्याला निघालो. तेव्हा खंबाटकीला बोगदा नव्हता. घाट चढूनच जावं लागायचं. ऐन चढणीला पुढे एक ट्रक बंद पडलेला, त्याच्यामागे रांग. दहा पावलं पुढे जायचं, थांबायचं. आमच्या मागे उसाने भरलेला एक ट्रक, अगदी चिकटून. बाबांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. ते सारखं विचारत होते, "मागे किती जागा आहे?" मी म्हणत होतो, "आहे, बरीच आहे." नव्हती. आई एक शब्द बोलत नव्हती. हँडब्रेक वर, पहिला गिअर, क्लच, हँडब्रेक खाली. पुन्हा थांबायचं. पुन्हा हँडब्रेक वर. तिच्या ओठांवर घामाचे थेंब होते. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. खंडाळ्याच्या बाजूला उतरताना ती पहिल्यांदा बोलली, "चढताना जो गिअर, उतरताना तोच. मास्तरांनी सांगितलंय." आणि दुसऱ्या गिअरमध्येच गाडी सावकाश खाली आली. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून कुचकामी होऊ शकतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनच तिला मागे ओढून धरतं.

चढाने बाईमाणसाची परीक्षा घ्यायची ही रीत तशी फार जुनी आहे! १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाई आपल्या युजेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्टझाइमला मोटारीने निघाल्या. शंभर किलोमीटरच्या आसपासचं अंतर. मोटार त्यांचे पती कार्ल बेंझ यांनी बनवलेली, आणि त्यांना न सांगताच नेलेली! चढ आला की गाडी अडायची, मग पोरांनी उतरून ढकलायची. युजेन तेव्हा पंधरा वर्षांचा होता. उतारावर ब्रेक झिजले, तेव्हा बाईंनी वाटेतल्या मोच्याकडून त्यांना चामडं लावून घेतलं. परत आल्यावर त्यांनी पतीला सुचवलं, की चढासाठी आणखी एक गिअर हवा. आपण पहिला गिअर टाकतो, तेव्हा युजेनला आठवायला हरकत नाही.

आता तुम्ही विचाराल, आम्हाला कधी शिकता येईल? मोटारीसाठी अठरा वर्षं पूर्ण हवीत, त्यात सूट नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी, आणि बाजारातल्या बहुतेक स्कूटर शंभर सीसीच्या वरच्या असतात. आधी शिकाऊ परवाना. त्यासाठी वाहतुकीचे नियम आणि चिन्हं यांची परीक्षा असते, आणि ती आता घरी बसूनही देता येते. (भाचीच्या परीक्षेच्या वेळी तिची आई मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन बसली. काही घरांत आई-बाबाच उत्तरं सांगतात, असं ऐकतो.) हा परवाना सहा महिने चालतो, आणि मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. तोवर गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' आणि शेजारी परवाना असलेला माणूस हवाच.

पालकांनो, एक गोष्ट तुमच्याशी. "आमचा बंटी नववीत आहे, पण काय झकास चालवतो!" असं कौतुक मी लग्नाकार्यात ऐकतो आणि पोटात गोळा येतो. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत परवाना नाही. मीही पंधराव्या वर्षी आईकडे किल्ली मागितली होती. घाटातली ती गाडी डोळ्यांसमोर असूनही मागितली! तिने दिली नाही. तीन वर्षं रोज मागितली, तीन वर्षं दिली नाही.

पण मागच्या सीटवरून पुष्कळ शिकता येतं. इंजिनाचा आवाज ऐकून कितवा गिअर आहे ते ओळखा. त्रिकोणी पाटी सावध करते, लाल गोल पाटी मनाई करते, निळी गोल पाटी आज्ञा देते. प्रवासात त्या वाचत चला. आणि एक गणित करा. ताशी छत्तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला बरोबर दहा मीटर. रस्त्यात कुत्रं आडवं आलं आणि ब्रेकवर पाय जायला एक सेकंद लागला, तर ब्रेक लागायच्या आधीच गाडी दहा मीटर पुढे गेलेली असते. तुमच्या वर्गाची लांबी मोजून बघा. ताशी बहात्तरला काय होईल, ते तुम्हीच काढा.

काल आमची भाची पहिल्यांदा चढावर गेली. मागच्या सीटवर आजी, म्हणजे माझी आई. सत्तरी ओलांडली आहे तिने, पण येणारच म्हणाली. मी काडेपेटी ठेवली आणि येऊन बसलो. पहिल्यांदा चपटी झाली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा भाची क्लचवर पाय धरून थांबली, गाडी थरथरू लागली, आणि तिचा हात हँडब्रेककडे गेला.

"थांब," मागून आई म्हणाली. "आधी आरसा बघ."