चंद्रकोरीच्या पोटात पेरूचा जॅम

रमजानचा शेवटचा अशरा लागला की परभणी, जिंतूर, सेलू, पाथरीच्या अनेक घरांतून मैदा, तूप आणि साखरेचे डबे बेकरीकडे निघतात. भट्टीवर आपल्या डोळ्यांसमोर नानकटाई भाजून घ्यायची आणि डबा भरून घरी आणायची, ही जुनी रीत. शीरखुर्म्याच्या वाटीशेजारी ती नानकटाई नसेल तर ईदचा दस्तरख्वान अपुरा वाटतो.

आता बऱ्याच घरांत छोटा ओव्हन आला आहे. मुली मोबाइलवर पाहून नवेनवे पदार्थ करतात. त्यातलाच एक म्हणजे जॅम भरून गुंडाळलेली, चंद्रकोरीच्या आकाराची खुसखुशीत पेस्ट्री. मुलांना ती फार आवडते. पण कुठल्या तरी खालाजान किंवा चाचाजान हमखास हटकतात, "अगं, हा तर तुर्कांचा चाँद चावून खाण्यासाठी काढलेला पदार्थ आहे. ईदला हा आपल्या घरात कशाला?"

मुलगी हिरमुसते आणि ट्रे बाजूला राहतो. म्हणून आधी या गोष्टीचा छडा लावू, मग पीठ मळू.

गोष्ट काय आणि खरे काय

गोष्ट अशी सांगतात: 1683 साली उस्मानी फौजेने व्हिएन्ना शहराला वेढा घातला. पहाटे जागे असणाऱ्या बेकरीवाल्यांना सुरुंग खणल्याचा आवाज आला, त्यांनी शहराला सावध केले आणि विजयाची आठवण म्हणून शत्रूच्या झेंड्यावरच्या चंद्रकोरीचा पाव भाजला.

वेढा पडला हे खरे. त्या वर्षी 12 सप्टेंबरला तो उठला हेही खरे. पावाची गोष्ट मात्र टिकत नाही. ऑस्ट्रियात ‘किप्फेर्ल’ नावाचा चंद्रकोरी पाव या वेढ्याच्या कित्येक शतके आधीपासून भाजला जात होता. जो पदार्थ आधीच होता, तो विजयासाठी नव्याने कसा निघेल? एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसमध्ये बेकरी काढली. तिथे किप्फेर्ल लोकप्रिय झाला आणि पुढे त्यातूनच फ्रेंच क्रोसाँ घडला.

सर्वांत गमतीची बाब तुर्कस्तानातच आहे. तिथल्या बेकऱ्यांत चंद्रकोरीच्या आकाराचा गोड, भरलेला पाव मिळतो. त्याचे तुर्की नाव ‘आय चोरेयी’, म्हणजे चंद्राचा पाव. ज्यांचा अपमान झाला असे आपण म्हणतो, ते स्वतःच तो चहाबरोबर आवडीने खातात! बोस्नियातल्या मुस्लिम घरांत जॅम भरलेल्या छोट्या चंद्रकोरी होतात, त्यांना ‘किफलित्से’ म्हणतात. मोरोक्कोत बदामाचे सारण भरून ‘काब अल-गझाल’ करतात. मिसर आणि शामकडे रमजानमध्ये अर्धचंद्रासारखे दुमडलेले कतायफ असतात. आणि इतके दूर तरी कशाला जायचे? आपली करंजी काय वेगळी आहे?

ऐकलेल्या बातमीची आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कुणाचे नुकसान होईल, अशी ताकीद सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. ती मोठ्या प्रसंगांना लागू आहे, तशीच मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरालाही लागू आहे. आणि नव्या चंद्राबद्दल कुरआन (सूरह अल-बकरा, आयत 189) सांगते ते एवढेच, की तो माणसांसाठी आणि हजसाठी काळ मोजण्याचे साधन आहे. चंद्रकोरीचा आकार खाण्यात आला म्हणून आपल्या दीनचा अवमान होत नाही.

जॅम आपल्या मातीतला

बाजारातला जॅम भट्टीत पातळ होतो आणि बाहेर वाहून जळतो. घरचा दाट जॅम जागचा हलत नाही. त्यासाठी आपल्याकडे पेरूइतके सोयीचे फळ नाही. फळांतल्या ज्या चिकट घटकामुळे जॅम धरतो, ते पेक्टिन पेरूत भरपूर असते. म्हणून वेगळी पावडर लागत नाही. हिवाळ्यात पेरू स्वस्त असतो, तेव्हाच जॅम करून ठेवावा.

अर्धा किलो पिकलेले पेरू चिरून थोड्या पाण्यात मऊ शिजवा आणि चाळणीतून गाळून बिया काढा. एक वाटी गराला पाऊण वाटी साखर घ्या आणि सगळ्या गरात मिळून एका लिंबाचा रस घाला. जाड बुडाच्या पातेल्यात ढवळत राहा. कालथा फिरवल्यावर पातेल्याच्या बुडाला वाट उमटून क्षणभर तशीच राहिली की जॅम झाला. कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा.

दुसरा पर्याय लाल अंबाडीच्या बोंडांचा. त्यांची चटणी आपल्याला ठाऊकच आहे. बोंडांच्या लाल पाकळ्या सोलून घ्या, आतली बी काढून टाका आणि पाकळ्या थोड्या पाण्यात शिजवून जवळजवळ समान साखरेत आटवा. रंग माणकासारखा येतो आणि आंबटपणामुळे लिंबूही लागत नाही.

तिसरा पर्याय इफ्तारच्या उरलेल्या खजुरांचा. बिया काढून, दोन चमचे पाण्यात मऊ करून, वेलची घालून वाटा. वरून साखर नको. पण घरात मधुमेह असेल त्यांनी लक्षात ठेवावे, खजूरही गोडच आहे, एकावर थांबावे.

चंद्रकोरी (24 नग)

साहित्य: मैदा 250 ग्रॅम, थंड लोणी 125 ग्रॅम (किंवा घट्ट तूप 100 ग्रॅम), दह्याचा चक्का 100 ग्रॅम, पिठीसाखर 2 चमचे, बेकिंग पावडर अर्धा चमचा, मीठ चिमूटभर, दाट जॅम साधारण अर्धी वाटी, वरून लावायला दूध.

रोजात चव पाहण्याचे आपण टाळतो, म्हणून अंदाज नको. सगळे मोजून घ्या.

1. मैदा, साखर, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळा. लोणी बोटांच्या टोकांनी चोळा. पीठ रव्यासारखे दिसले पाहिजे.

2. चक्का घालून गोळा जमवा. पोळीच्या कणकेसारखे तिंबू नका, नाहीतर पेस्ट्री चिवट होते. झाकून एक तास फ्रिजमध्ये ठेवा. परभणीच्या उन्हात लोणी लगेच वितळते, म्हणून हे काम फज्रनंतरच्या गारव्यात उरकलेले बरे.

3. तीन गोळे करा. एक लाटताना बाकीचे फ्रिजमध्येच राहू द्या. पोळपाटाएवढी, साधारण 24 सेंटिमीटरची पोळी लाटा आणि सुरीने आठ त्रिकोण कापा.

4. प्रत्येक त्रिकोणाच्या रुंद बाजूला अर्धा चमचा जॅम ठेवा. जास्त मोह नको. रुंद बाजूकडून टोकाकडे गुंडाळा, टोक खाली दाबा आणि दोन्ही कडा आत वळवून चंद्रकोर करा.

5. दुधाचा हात फिरवा. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 20 ते 22 मिनिटे, बदामी रंग येईपर्यंत भाजा. पूर्ण गार झाल्यावरच मुलांच्या हाती द्या; आतला जॅम फार वेळ कढत राहतो आणि तोंड भाजते.

ओव्हन नसेल तर

जाड कढईत जाडे मीठ पसरा, वर जाळी किंवा स्टँड ठेवा आणि झाकून दहा-पंधरा मिनिटे तापवा. तूप लावलेल्या ताटलीत चंद्रकोरी मांडून मंद आचेवर 30 मिनिटे ठेवा. वरचा रंग फिका राहतो, चवीत फरक पडत नाही. जास्त नग असतील तर ट्रे भरून सरळ भट्टीवर न्या. नानकटाईच्या वेळी बेकरीवाल्याला सांगून ठेवले की दोन्ही कामे होतात.

पाकीट उलटून पाहा

लोण्याऐवजी बाजारातले मार्गारीन किंवा बेकरीची चरबी घेत असाल तर पाकिटावरचे हिरवे चिन्ह पाहा. इमल्सिफायर 471 वनस्पतीपासूनही बनतो आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. हिरवे चिन्ह असेल तर प्राण्यांची चरबी वापरलेली नाही. व्हॅनिला इसेन्समध्ये बहुधा अल्कोहोल असते. त्याची चिंता नको असेल तर वेलची वापरा; ती या जॅमला जास्त शोभतेही.

फळांवर प्रक्रिया हा परभणीला परका विषय नाही. 1972 पासून इथे कृषी विद्यापीठ आहे आणि त्याच्या महाविद्यालयांत अन्नतंत्रज्ञान शिकवले जाते. ज्या भगिनींचा हात बसेल, त्यांनी ईदच्या हंगामात ऑर्डरी घ्यायला हरकत नाही. विक्री करायची तर अन्नसुरक्षा नोंदणी मात्र आधी करावी.

चंद्रकोरी घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस छान राहतात. चाँदरात्री भाजा. त्यातली पहिली ताटली शेजारच्या घरी जाऊ द्या, मग ते घर कुणाचेही असो. आणि दुसरी त्या खालाजानसमोर ठेवा, गरम चहाबरोबर.