ग्रेड तोच, म्हणून तेल तेच नव्हे

फ्रिज आणि एसीच्या दुरुस्तीच्या व्यवसायात एक समज इतका पक्का रुजलेला आहे की तो शंका न घेता एका मेकॅनिककडून दुसऱ्याकडे जातो: कॉम्प्रेसरमध्ये कोणतेही वंगणतेल चालते, फक्त ग्रेड जुळला पाहिजे. हा समज साफ चुकीचा आहे. डब्यावर लिहिलेला ‘आयएसओ व्हीजी ६८’ हा ग्रेड एवढेच सांगतो की ४० अंश सेल्सिअस तापमानाला त्या तेलाची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, सुमारे ६८ सेंटिस्टोक आहे. ते तेल रासायनिकदृष्ट्या कोणत्या जातीचे आहे आणि यंत्रातील गॅसशी त्याचे जमेल की नाही, याविषयी तो आकडा एक अक्षरही बोलत नाही. शिवाय ही मोजणी शुद्ध तेलाची असते, तर चालू कॉम्प्रेसरमधील तेलात गॅस विरघळलेला असल्यामुळे त्याची प्रत्यक्ष श्यानता बरीच कमी असते.

तेल आणि गॅस यांचे जमणे इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर तेलाच्या प्रवासात आहे. दाबलेल्या गॅसबरोबर थोडे तेल कॉम्प्रेसरबाहेर पडतेच, आणि कंडेन्सर, कॅपिलरी व कूलिंग कॉइल असा फेरा करून ते परत आले तरच बेअरिंगला वंगण मिळत राहते. आर-१२ हा क्लोरीनयुक्त गॅस मिनरल तेलात, म्हणजे खनिज तेलापासून मिळवलेल्या वंगणात, सहज मिसळत असे, आर-२२ही पुरेसा मिसळतो, आणि त्यांतील क्लोरीन धातूच्या पृष्ठभागावर झीज रोखणारा थर तयार करण्यासही हातभार लावत असे. ग्रेड पाहून तेल भरण्याची सवय या काळातली आहे. १९८७ च्या माँट्रिअल करारानंतर ओझोनच्या रक्षणासाठी आलेल्या आर-१३४ए, आर-४१०ए यांसारख्या गॅसमध्ये क्लोरीन नाही आणि ते मिनरल तेलात मिसळत नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी पॉलिओलएस्टर (पीओई) किंवा पॉलिव्हिनिल ईथर (पीव्हीई) ही कृत्रिम तेले वापरली जातात, तर पट्ट्यावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या मोटारगाड्यांत पॉलिअल्किलीन ग्लायकॉल (पीएजी) असते. अशा यंत्रात मिनरल तेल भरले, की बाहेर गेलेले तेल कूलिंग कॉइलच्या थंड नळ्यांत घट्ट होऊन आतील भिंतींना चिकटते, उष्णता शोषण्यात अडथळा आणते आणि कॉम्प्रेसर हळूहळू कोरडा पडतो.

‘पण यंत्र तर चालते’ हा यावरचा ठरलेला युक्तिवाद मुळीच पटण्यासारखा नाही. लहान यंत्र काही काळ चालते हे खरे; मात्र तेवढ्यावरून निवड बरोबर ठरत नाही, कारण कॉम्प्रेसर जाम होतो तोपर्यंत दोष तेलाचा होता हे कोणाच्या लक्षातही राहिलेले नसते. जुने यंत्र आर-१२ वरून आर-१३४ए वर नेताना पीओई वारंवार बदलून शिल्लक मिनरल तेल साधारण ५ टक्क्यांच्या खाली आणण्याचा दंडक उगाच घातलेला नाही.

दुसरा घातक गैरसमज पाण्याविषयीचा आहे. पीओई हवेतील ओलावा झपाट्याने शोषते, आणि पावसाळ्यात मुंबईच्या किंवा कोकणच्या हवेत झाकण उघडे राहिलेला डबा थोड्याच वेळात निकामी ठरू शकतो. प्लॅस्टिकमधूनही बाष्प झिरपत असल्यामुळे हे तेल बहुधा धातूच्या डब्यात मिळते. व्हॅक्यूम पंप लावला की ओलावा निघून जातो असे सांगितले जाते, पण पंप नळ्यांतील पाणी काढतो, तेलात मुरलेले पाणी त्याला सहजी काढता येत नाही. हे पाणी उष्णतेच्या साहाय्याने एस्टरचे विघटन करून आम्ल तयार करते. अशा यंत्रात आम्लामुळे नळ्यांतील तांबे विरघळून बेअरिंगच्या तापलेल्या पोलादावर तांबूस मुलाम्यासारखे बसते आणि तिथली बारीक फट बुजते.

तेलाविषयीचे आणखी काही समजही असेच फसवे आहेत. जाड तेल अधिक संरक्षण देते, हे खरे नाही; ते थंड भागातून सहजी परतत नाही. इंजिन ऑइल कॉम्प्रेसरमध्ये चालत नाही, कारण त्यातील डिटर्जंट आणि इतर मिश्रके या बंद यंत्रासाठी नसतात. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता नव्हे. नवा गॅस म्हणजे कृत्रिम तेलच, हेही खरे नाही; आर-६००ए च्या घरगुती फ्रिजमध्ये मिनरल तेल उत्तम चालते. आर-४१०ए साठी बनवलेले प्रत्येक पीओई आर-३२ मध्ये कमी तापमानाला मिसळेलच असे नाही, म्हणून कॉम्प्रेसरच्या नेमप्लेटवरील किंवा उत्पादकाच्या पुस्तिकेतील तेलाचे नाव अंदाजाने बदलू नये. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत कॉम्प्रेसरची मोटर तेलातच असल्यामुळे विद्युतरोधनात कमी पडणारे सामान्य पीएजी तिथे धोक्याचे ठरते.

मिसळणारे तेलच चांगले, हा नियमही सर्वत्र लागू नाही. महाराष्ट्रातील अनेक बर्फाचे कारखाने आणि मोठी शीतगृहे अमोनियावर चालतात; तिथे पीओई अमोनियाशी रासायनिक क्रिया करून घट्ट गाळ बनवते, तर मिनरल तेल अमोनियात मिसळत नाही आणि द्रव अमोनियापेक्षा जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी साचते, जिथून ते खालच्या व्हॉल्व्हने ठरावीक काळाने काढून घेतले जाते.