एकेरी, दुहेरी आणि दीड

पिस्तुलाच्या मुठीत काडतुसं ठेवायच्या दोन सरळ रीती आहेत. एकावर एक रचली की एकेरी ओळ, म्हणजे सिंगल-स्टॅक. डावं-उजवं करत तिरकी रचली की दुहेरी, म्हणजे डबल-स्टॅक. अमेरिकेत कंबरेला पिस्तूल बाळगणारा नागरिक आणि स्पर्धेत उतरणारा नेमबाज, दोघांनाही पिढ्यान्‌पिढ्या हा प्रश्न पडत आला आहे: सडपातळ घ्यावं की जास्त काडतुसांचं? या प्रश्नाचा शतकभराचा प्रवास तपासला तर दिसतं, की निवड बहुतेक वेळा नेमबाजाच्या हातात नव्हतीच. ती आधी लष्कराने केली, मग पोलीस खात्यांनी, मग कायद्याने आणि स्पर्धेच्या नियमपुस्तकाने. सामान्य माणसाच्या हाताला खरी मोकळीक मिळाली ती अगदी अलीकडे.

दुहेरी ओळ मुळीच नवी नाही. माउझरच्या १८९६ च्या पिस्तुलात चापाच्या पुढच्या पेटीत दहा काडतुसं दुहेरी ओळीत बसत. अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीचं १९०७ चं .३२ कॅलिबरचं पिस्तूल तर मुठीतच दहा काडतुसं सामावून घेई आणि जाहिरातीतही त्या दहाचाच गाजावाजा होई. तरी मार्च १९११ मध्ये अमेरिकी लष्कराने स्वीकारलं ते जॉन ब्राउनिंग यांचं एकेरी ओळीचं .४५, मॅगझिनमध्ये सात काडतुसं. लष्कराला जड गोळी हवी होती आणि .४५ चं काडतूस बुडाशी सुमारे १२ मिलिमीटर जाड. त्याच्या दोन ओळी केल्या की मूठ जाडजूड होते. एका ओळीमुळे या पिस्तुलाची, म्हणजे ‘१९११’ ची, मूठ चपटी राहिली, बहुतेक हातांना नीट बसली आणि अंगालगत फारशी फुगली नाही. हा गुण पुढे बाळगणाऱ्यांना फार प्रिय झाला.

दोन ओळींचं गणित नीट जमलं ते बेल्जियममध्ये. फ्रेंच लष्कराला जास्त क्षमतेचं पिस्तूल हवं होतं, म्हणून एफएन कारखान्यात काम सुरू झालं. ब्राउनिंग १९२६ मध्ये लिएज इथे वारले. त्यांचं अपुरं काम द्यूदोने सैव्ह यांनी तडीस नेलं आणि १९३५ मध्ये बेल्जियमने ‘हाय-पॉवर’ स्वीकारलं. ९ मिलिमीटरची तेरा काडतुसं, आणि मूठ तरीही हातात मावणारी.

हे मॅगझिन हातात घेऊन पाहावं. खाली काडतुसं दोन रांगांत तिरकी बसलेली असतात. वर येता येता पत्र्याच्या भिंती आत वळतात आणि तोंडाशी एकच काडतूस उरतं. त्यामुळे वरची स्लाइड रुंद करावी लागत नाही. त्याची किंमत अंगठ्याला मोजावी लागते. पहिली काडतुसं सहज आत जातात, शेवटच्या दोन-तीनांना मात्र स्प्रिंग असा विरोध करते की अंगठ्याचं टोक हुळहुळतं. पत्र्याची ती वळणं थोडी चुकली तरी काडतूस अडकतं. दुहेरी ओळीचं सगळं कसब त्या निमुळत्या गळ्यात आहे. भारतीय सैन्याचं ‘९ एमएम १ए’ पिस्तूल, जे इशापूरच्या रायफल कारखान्यात बनतं, ते याच हाय-पॉवरच्या वंशातलं. सेवेत असलेल्या कितीतरी मराठी हातांना ही मूठ ओळखीची आहे.

अमेरिका मात्र बराच काळ रिव्हॉल्व्हर आणि ‘१९११’ यांनाच धरून राहिली. १९७१ मध्ये स्मिथ अँड वेसनने चौदा काडतुसांचं मॉडेल ५९ आणलं. ऑस्ट्रियाच्या लष्कराने १९८२ मध्ये ग्लॉक १७ निवडलं. त्यात काडतुसं सतरा आणि चौकट प्लॅस्टिकची, म्हणून वजन हलकं. १९८५ मध्ये अमेरिकी लष्करानेही ‘१९११’ ला निरोप देऊन पंधरा काडतुसांचं बेरेटा घेतलं. पुढच्या वर्षी ११ एप्रिलला मायामीत एफबीआयच्या एजंटांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी. काही एजंटांच्या हाती रिव्हॉल्व्हर होती. एफबीआयने गोळीच्या ताकदीचा कसून फेरविचार केला, आणि पुढच्या काही वर्षांत देशभरची पोलीस खाती सहा फैरींची रिव्हॉल्व्हर सोडून दुहेरी ओळीच्या पिस्तुलांकडे वळली. पोलिसांकडे जे दिसलं, ते दुकानात नागरिकही मागू लागले.

स्पर्धेची वाट वेगळी होती, आणि मला हा भाग सर्वांत रंजक वाटतो. १९७६ मध्ये मिसुरीतल्या कोलंबिया इथे आयपीएससी या पिस्तूल नेमबाजीच्या संघटनेची स्थापना झाली, जेफ कूपर पहिले अध्यक्ष. अचूकता, ताकद आणि वेग या तिन्हींचा तोल साधणारी ही नेमबाजी. इथे मिळवलेल्या गुणांना लागलेल्या वेळाने भागतात, म्हणून मॅगझिन बदलण्यात गेलेला प्रत्येक सेकंद निकालात दिसतो. सुरुवातीला मैदानावर ‘१९११’ चंच राज्य होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या पॅरा-ऑर्डनन्सने ‘१९११’ च्याच घडणीला रुंद मूठ दिली. पाठोपाठ टेक्सासमध्ये व्हर्जिल ट्रिप आणि सँडी स्ट्रेयर यांनी वर पोलादी चौकट आणि खाली प्लॅस्टिकची मूठ अशी रचना केली. तीच पुढे ‘२०११’ म्हणून प्रसिद्ध झाली. प्लॅस्टिकची भिंत पातळ ठेवता आली, म्हणून दोन ओळी असूनही मूठ आवाक्यात राहिली. काही वर्षांतच वरच्या पातळीवर एकेरी ओळ मागे पडली.

मग नियमपुस्तकाने हस्तक्षेप केला. अमेरिकेतल्या यूएसपीएसए या संघटनेने ‘सिंगल स्टॅक’ हा स्वतंत्र गट काढला, आयपीएससीनेही ‘क्लासिक’ गट सुरू केला. दोन्हीकडे भारी ताकदीच्या काडतुसांसाठी मॅगझिनची मर्यादा आठ, हलक्यांसाठी दहा. याचा अर्थ मैदानावर काय होतो पाहा. यूएसपीएसएच्या लांब फेरीत जास्तीत जास्त बत्तीस फैरी लागतात. आठच्या मॅगझिनवाला नळीत एक जास्तीचं काडतूस ठेवून नऊने सुरुवात करतो. मग आठ, आठ, आठ. एकूण तेहतीस, म्हणजे तीन वेळा मॅगझिन बदलूनही चुकायला जागा एकाच गोळीची. ‘लिमिटेड’ गटातल्या नेमबाजाच्या दुहेरी ओळीच्या लांब मॅगझिनमध्ये वीसच्या आसपास काडतुसं मावतात, त्याला एकच बदल पुरतो. त्यामुळे एकेरी ओळीचा नेमबाज प्रत्येक फेरीची आखणी आधी डोक्यात करतो: कुठे पळता पळता मॅगझिन टाकायचं, कुठल्या लक्ष्यावर घाई करायची नाही. एका जागेवरून आठपेक्षा जास्त फैरींची सक्ती करायची नाही, असा यूएसपीएसएचा नियम आहे. त्यामुळे त्याचं हे गणित जमू शकतं. माझ्या मते नवख्याला मोजून नेम धरायला शिकवणारा याहून चांगला गट नाही.

बाळगण्याच्या बाबतीत कायदा जास्त बोलला. १९८७ मध्ये फ्लोरिडाने पात्र नागरिकाला परवाना देणं अधिकाऱ्यांवर बंधनकारक केलं आणि पुढच्या दशकांत अनेक राज्यं त्या वाटेने गेली. कपड्याआड पिस्तूल ठेवणाऱ्यांची संख्या वाढली. १३ सप्टेंबर १९९४ ला संघराज्याचा कायदा आला आणि सामान्यांसाठी दहापेक्षा जास्त काडतुसांची नवी मॅगझिन बनवायला बंदी झाली. दहाच मिळणार असतील तर मोठी मूठ कशाला, असा सरळ हिशोब झाला. १९९५ चं ग्लॉक २६ आखूड मुठीत बरोबर दहा बसवतं, ते या काळाचं अपत्य वाटतं. तो कायदा दहा वर्षांनी, १३ सप्टेंबर २००४ ला, आपोआप संपला, पण लहान पिस्तुलांची आवड टिकली. २०१२ मध्ये स्मिथ अँड वेसनचं शील्ड आलं, २०१५ मध्ये सहा काडतुसांचं ग्लॉक ४३. जेमतेम इंचभर जाडीची ही एकेरी ओळीची पिस्तुलं हातोहात खपली. घरी राहिलेल्या सतराच्या पिस्तुलापेक्षा अंगावर असलेलं सहाचं बरं, हे बाळगणाऱ्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं.

जानेवारी २०१८ मध्ये सिग सावरने पी३६५ आणलं. जवळपास ग्लॉक ४३ एवढ्याच देहात दहा काडतुसं. मॅगझिन धड एकेरी नाही, धड दुहेरी नाही. खाली काडतुसं किंचित तिरकी, वर लांबवर निमुळती. लोक त्याला दीड ओळ म्हणू लागले. २०१९ मध्ये स्प्रिंगफिल्डचं हेलकॅट अकरा काडतुसं घेऊन आलं, २०२१ मध्ये शील्डनेही याच वळणाची आवृत्ती काढली. शंभर वर्षं जी तडजोड अटळ वाटत होती, ती तीन-चार वर्षांत बरीचशी मिटली. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कसारख्या राज्यांत आजही दहाची मर्यादा आहे, तिथे निवड अजून कायद्याच्याच हाती आहे.

आपल्याकडे हा प्रश्न या रूपात येतच नाही. ९ मिलिमीटर कॅलिबर सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, त्यात पाच-पाच गोळ्यांच्या मालिका असतात. तिथे क्षमतेला काही किंमत नाही, प्रत्येक गोळीला आहे.

ही शिस्त अमेरिकेतल्या बाळगणाऱ्यानेही घ्यावी असं मला मनापासून वाटतं. स्पर्धेसाठी निवडताना आधी गट ठरवावा, मग पिस्तूल. गटाचे नियमच बरंचसं सांगून टाकतात. बाळगण्यासाठी निवडताना हात प्रमाण मानावा. मूठ धरून चापावर बोटाचं पेर सहज पोहोचतं का? लहान हलकं पिस्तूल जास्त झटका देतं, ते सोसून नेम टिकतो का? रोज अंगावर ठेवणं आणि नियमित सराव, दोन्ही जमेल ते घ्यावं, मग ओळ एक असो, दीड असो की दोन. काडतुसं वाढली की जबाबदारीही वाढते, कारण सुटलेली प्रत्येक गोळी कुठे तरी जाऊन थांबते आणि तिचा जाब चाप ओढणाऱ्यालाच द्यावा लागतो. मॅगझिनचा प्रश्न कारखान्यांनी बराचसा सोडवून दिला आहे. नेमाचा प्रश्न ज्याचा त्यानेच सोडवायचा आहे.