पेन्सिलीखाली उमटणारा नंबर

ठाण्याच्या टेंभी नाका परिसरात जुन्या छोट्या मोटारीची पारख बहुधा कानाने आणि नाकाने होते: थंड इंजिनाचा आवाज ऐकला जातो, क्लच किती वर उचलतो ते पाहिले जाते, आणि बॉनेट उघडल्यावर मेकॅनिक इंधनाच्या नळीवरून बोट फिरवून ते नाकाशी नेतो. ही पारख वर्षानुवर्षांच्या सरावाची असते, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र जोडणीतला जो दोष अजून प्रकटच झालेला नाही, तो सर्वांत कसबी बोटालाही लागत नाही.

असा दोष ध्यानात आल्यावर उत्पादक ठरावीक काळात तयार झालेल्या गाड्या परत बोलावतो आणि सदोष भाग विनामूल्य बदलून देतो, यालाच रिकॉल म्हणतात. इंधनाची नळी धातूच्या क्लँपला घासण्याच्या शक्यतेमुळे मारुती सुझुकीने ऑगस्ट २०१९ मध्ये एक लिटर इंजिनाच्या ४०,६१८ वॅगनआर तपासणीसाठी बोलावल्या. त्या १५ नोव्हेंबर २०१८ ते १२ ऑगस्ट २०१९ या काळात बनलेल्या होत्या. नळी झिजून पेट्रोल झिरपू लागेपर्यंत वास येत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. जुलै २०२० मध्ये इंधनपंपाच्या संभाव्य दोषासाठी वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या बोलावण्यात आल्या, आणि त्यातील वॅगनआरचा उत्पादनकाळ १५ नोव्हेंबर २०१८ पासूनच सुरू होत असल्याने त्या ४०,६१८ पैकी एखादी गाडी दोनदा बोलावली गेलेली असू शकते. पहिल्या मालकाने दोन्ही वेळा ती नेली की नाही, हे दुसऱ्या मालकाला गाडीकडे पाहून कळत नाही.

ते कळते चासी नंबरावरून, म्हणजे प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या सतरा अक्षर-अंकांच्या ओळखक्रमांकावरून. तो कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा अधिकृत सेवा केंद्रात दिला की रिकॉलची नोंद तपासता येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या सुधारणेने रिकॉलसाठी कलम ११०अ आले. १ एप्रिल २०२१ पासूनचे सक्तीच्या रिकॉलचे नियम मात्र सात वर्षांहून कमी वयाच्या गाडीपुरतेच आहेत. सात वर्षे! जुन्या बाजारात गाडीचे दुसरे आयुष्य अनेकदा तिथूनच सुरू होते.

वाईट वाटते ते नावबदलाचे काम पाहताना. एजंट पुढच्या आसनाखालचा गालिचा उचलून कोरलेल्या नंबरावर कागदाची पट्टी धरतो, पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासतो, आणि करड्या शिशातून एकेक पांढरे अक्षर वर येते. आसनाखाली वाकून, श्वास रोखून तो हे इतक्या निगुतीने करतो की एकही अंक पुसट राहत नाही. खरेदीदार शेजारीच उभा असतो, पण त्याचे लक्ष विम्याच्या तारखेकडे असते. सतराच्या सतरा अक्षरे तपासून पट्टी फॉर्म ३० वर चिकटवली जाते आणि कागदपत्रे आरटीओकडे जाण्यासाठी पिशवीत पडतात.